कन्हानात सोडलेला बोर्ड

मे महिन्यातली दुपार. हुडकेश्वरच्या त्या गल्लीत कुत्रंसुद्धा सावली सोडून हलत नव्हतं. लतिकाताईंनी पडदे ओढून घेतले होते आणि कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास घरभर पसरला होता. आतल्या खोलीत त्यांचे यजमान विश्वनाथराव झोपले होते. अशा वेळी प्रशिक त्यांच्या मुलाचा, गौरांगचा कॉम्प्युटर दुरुस्त करून घेऊन आला.

प्रशिक गौरांगचा कॉलेजपासूनचा मित्र. आता त्याचं स्वतःचं दुरुस्तीचं दुकान होतं. गौरांग दिवाळीच्या तोंडावर डेंग्यूनं गेला. त्यानंतर लतिकाताई रोज संध्याकाळी त्याचा कॉम्प्युटर लावायच्या. त्यातलं त्यांना काही येत नव्हतं. पडद्यावर गौरांगनं स्वतः लावलेला फोटो यायचा. पेंचच्या धरणावर, वाऱ्यात, आईच्या खांद्यावर हनुवटी टेकवून तो हसत होता. तो फोटो बघायचा, पदरानं काच पुसायची आणि बंद करायचं. दिवसभरात तेवढंच एक काम त्यांच्या हातून मनापासून व्हायचं. मग एकदा वीज कमीजास्त झाली आणि आतला बोर्ड जळला.

"काकू, अंदरचं सगळं नवीन टाकलं," प्रशिक वायरी जोडत म्हणाला. "बोर्ड, प्रोसेसर, रॅम. हार्ड डिस्क तेवढी त्याचीच ठेवली. त्यातलं काही गेलं नाही."

पडदा उजळला. पण फोटो नव्हता. नुसता काळा पडदा, आणि कोपऱ्यात फिकट अक्षरं होती, विंडोज सक्रिय करा.

"अरे, फोटो कुठं गेला?"

"येते ना, घाबरू नका. बोर्ड बदलला का विंडोज मशीनले ओळखत नाही. त्याले वाटते, कोणी दुसराच येऊन बसला. आपण सांगायचं, का बाबा तोच आहे हा, फक्त अंग नवीन आहे. मंग लावू देते फोटो. नाही तर प्रिंट काढून देऊ का?"

"नको. त्यानं लावला होता तसाच पाहिजे." मग त्या हळूच म्हणाल्या, "अंग नवीन, पण तोच."

"पाहा, माह्यापेक्षा तुम्हीच चांगलं सांगता. उद्यापासून दुकानात येऊन बसा, मी घरी झोपतो."

लतिकाताई हसल्या. किती दिवसांनी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

प्रशिकनं गौरांगचं विंडोजचं खातं उघडलं. पडद्यावर दोन नावं आली. एक या नव्या मशीनचं, दुसरं जुन्याचं. जुन्याला गौरांगनं आपलंच नाव दिलं होतं.

"एका लायसन्सवर एकच मशीन चालते, काकू. हे चालू केलं का ते बंद. जुनं तर जळलंच म्हणा..." तो बोलता बोलता थांबला. त्यानं तोंड पडद्याजवळ नेलं. "काकू, जुना बोर्ड मी तुम्हाले आधीच पिशवीत परत दिला होता ना? तो कोणाले दिला?"

"काहून रे?"

"जुन्यापुढं 'आत्ता वापरात' असं दाखवून राहिलं."

"कोणाले देणार? आम्ही दोघं जाऊन कन्हानात सोडून आलो. अस्थी सोडल्या ना, त्याच घाटावर. लेकराची वस्तू भंगारवाल्याच्या तराजूत कशी घालायची?"

"पाण्यात?" प्रशिकचा हात माउसवरून उचलला गेला. "मंग... मंग त्या कंपनीवाल्यायची गलती असन. काकू, आज राहू द्या. मी उद्या पाहतो. हे चालू करायचं निळं बटण आहे ना, ते दाबू नका फक्त."

लतिकाताईंनी दिलेला ताकाचा पेला तसाच ठेवून तो गेला.

तो गेला आणि लाइनही गेली. कूलरचा पंखा घरघरत मंद झाला आणि थांबला. आता फक्त टाकीतलं पाणी थेंब थेंब ठिबकत होतं. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू होता. अंधाऱ्या खोलीत तेवढा एक चौकोन उजळलेला. वाळ्याचा वास विरला आणि त्याच्या मागून दुसरा वास आला... नदीच्या गाळाचा, भिजलेल्या राखेचा.

लतिकाताई जुन्या नावाकडे बघत होत्या. इंग्रजी त्यांना दहावीपुरतं येत होतं, अक्षरं त्या लावून लावून वाचायच्या. गौरांग. बघता बघता शेवटचं अक्षर पुसलं गेलं. मग त्याच्या आधीचं. एकेक करून सगळं नाव गेलं. कोणीतरी शांतपणे खोडत होतं. जागा रिकामी राहिली.

मग तिथं एक इंग्रजी अक्षर उमटलं. दुसरं. तिसरं.

आई.

"बाळा..." त्या पडद्याशी वाकल्या. "तिथं आहेस का रे? थंडी वाजते का?"

अक्षरं तशीच राहिली. किती वेळ तशीच. लतिकाताईंच्या डोळ्यांपुढं ते गढूळ पाणी आलं, तळाचा गाळ आला, आणि त्यात कुठंतरी मिणमिणणारा एवढासा दिवा. इथं तर सगळं नवीन आहे. कोरडं आहे. घर आहे.

"ये," त्या म्हणाल्या. "घरी ये." आणि त्यांनी निळं बटण दाबलं.

एक गोल फिरत राहिला. मग थांबला. कोपऱ्यातली अक्षरं गेली आणि फोटो आला. धरण, वारा, खांद्यावर त्याची हनुवटी. लतिकाताईंनी काचेवर तळवा ठेवला. काच गार होती. फोटो तोच होता, अगदी तसाच होता, आणि त्यात फोटोशिवाय काहीही नव्हतं.

"गौरांग? आलास का?"

त्यांनी मागचं पान चाचपडत उघडलं. तिथं आता एकच नाव होतं, या नव्या मशीनचं. आई हा शब्द नव्हता. जुनं परत जोडायला कुठं बटण नव्हतं. वर, खाली, सगळीकडे दाबून पाहिलं, नव्हतंच. तेव्हा कुठं त्यांना कळायला लागलं, की इकडे कोणी आलं नाही. तिकडचं तेवढं बंद झालं. आणि ते त्यांच्याच बोटानं.

दारात विश्वनाथराव उभे होते, केस विस्कटलेले, डोळ्यांत झोप. मुलाचं नाव त्यांनी अस्थी सोडल्या त्या दिवसापासून उच्चारलं नव्हतं.

"गौरांगले काय झालं वं?" त्यांनी विचारलं.

"काय... काय झालं?"

"ओरडून राहिला ना केव्हाचा. आई, अंधार काहून केला, म्हणते."

लतिकाताईंनी श्वास रोखला. टाकीतलं पाणी ठिबकत होतं. दुसरं काही नाही.

"मले नाही हो ऐकू येत..."

"असं कसं? आयक ना. आता तुलेच बोलावून राहिला."

लतिकाताईंनी मॉनिटरला कान लावला. मग टेबलाला. मग गुडघे टेकून तापलेल्या फरशीला. काही नाही... कुठंच काही नाही. पडद्यांच्या फटीतून पांढरं ऊन आत येत होतं, आणि त्या उन्हात उभे राहून विश्वनाथराव थोड्या थोड्या वेळानं मान हलवत होते, हळू आवाजात म्हणत होते, "हो रे... हो... आहे ती इथंच."