नऊ पायऱ्या

कृष्णाकाठच्या कुरुंदगावात नळाला दिवसभर पाणी होतं, आणि ते शुद्धही होतं. मग माई कशानं गेली, हे कोडं केतकीला सुटत नव्हतं. आजीला सगळे माईच म्हणत. डॉक्टर म्हणाले होते, मूत्रपिंडांत (रक्त गाळून नको ते लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या अवयवांत) जंतू शिरले.

"आबा, जंतू पाण्यातून आले का?"

केतकीनं आजोबांना विचारलं. गावाची पाणी आणि शौचालय योजना त्यांनीच आखली होती. माईला जाऊन चाळीस दिवस झाले होते, तरी सकाळी ते दोघांचा चहा टाकत.

"ठेंगूला विचार," ते एवढंच म्हणाले.

ठेंगू हा गुडघ्याएवढा यंत्रमानव. तो रोज नळाचं पाणी तपासायचा. घरोघरच्या पेल्यांच्या बुडाला संवेदक (मोजून कळवणारी चकती) होता. त्यामुळे कोण किती पाणी पितं, हेही त्याला कळायचं.

"पाण्यात जंतू नाहीत," ठेंगू म्हणाला. "पण माई दिवसाला दोनच पेले पाणी प्यायच्या. आधी आठ प्यायच्या."

"आधी म्हणजे?"

"नवीन शौचालय बांधण्याआधी."

"मग सांगितलं का नाहीस?" आबा ओरडले.

"पाणी शुद्ध आहे का, एवढंच विचारत होता तुम्ही."

आबा खाली बसले. पुरात मैला पाण्यात मिसळू नये म्हणून त्यांनी सगळी शौचालयं सहा फूट उंच जोत्यावर बांधली होती. वर जायला नऊ पायऱ्या. दोन पूर आले, पण साथ आली नाही. गावानं आबांचा सत्कार केला. माईचे गुडघे तेव्हाही दुखत होते.

"लघवीबरोबर जंतू धुऊन जातात," आबा हळूहळू सांगू लागले. "पाणी कमी प्यायलं की लघवी कमी होते. जंतू तिथंच वाढतात आणि वर मूत्रपिंडांपर्यंत पोचतात."

"पण माई पाणी कमी का प्यायची?"

"पायऱ्या कमी वेळा चढाव्या लागाव्यात म्हणून."

"तिनं तुम्हाला सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं. एकदाच. मी म्हणालो, होईल सवय."

केतकी त्यांना टेकून बसली. ठेंगू म्हणाला, "शेजारच्या हौसाकाकू काल दीडच पेला पाणी प्यायल्या."

आबा तसेच उठून शेजारी गेले. काकू काठी टेकत दारात आल्या.

"वहिनी, पाणी का पीत नाही?"

"या वयात कसली तहान, भाऊजी!" काकू हसल्या. मग त्यांनी मान खाली घातली. "तुमच्या पायऱ्या म्हणजे जोतिबाचा डोंगर. दिवसातून एकदाच चढवतं."

"चूक माझी आहे," आबा म्हणाले.

त्याच दुपारी केतकीनं ठेंगूबरोबर हिशेब मांडला. फूटभर उंची सोपेपणानं चढायला बारा फूट उतार लागतो, म्हणजे सहा फुटांना बहात्तर. काकूंचं अंगण पंचवीस फुटांचं. म्हणून उतार दोनदा वळवला आणि बाजूला धरायला कठडा लावला. अकरा दिवस आबा गवंड्याच्या हाताखाली राबले.

बाराव्या दिवशी काकू कठडा धरून एकट्या वर गेल्या, एकट्या खाली आल्या. ओट्यावर बसून म्हणाल्या, "तांब्या भरून आणा, भाऊजी."

त्या घटाघटा पाणी प्यायल्या. आबा बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी पुसले नाहीत.

"आता कोणाचं घर?" त्यांनी विचारलं.

"सलीमचाचांचं," केतकी म्हणाली. "पण त्यांना दिसत नाही, आबा. त्यांना उताराचा काय उपयोग?"

"मला नाही माहीत," आबा म्हणाले. "चल, त्यांनाच विचारू."