रिकाम्या खटक्याचा लोड

माझी नोकरी दुकानांतले वजनकाटे तपासायची. काटा खोटं बोलत नाही, दुकानदार बोलतो, एवढं ज्ञान मला या नोकरीने दिलं. त्यामुळे घरावर सोलर बसवायचं ठरलं तेव्हा मी वायरमनला सल्ला विचारला, मान डोलावली आणि काम स्वतःच करायला घेतलं.

सोलर हौसेचं नव्हतं. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या त्या ऑक्सिजनचं मशीन घेऊन. लहानशा कपाटाएवढं ते मशीन अखंड घुरघुरायचं आणि त्याची नळी नाकात असेपर्यंत सासूबाई ठणठणीत असायच्या. मशीन थांबलं की मात्र बघता बघता ओठ निळे पडायचे. आमच्या भागातली वीज तर सरकारी पाहुण्यासारखी, आली काय नि गेली काय, कुणाला विचारायची सोय नाही. वीज गेली तरी मशीन थांबता कामा नये, एवढंच मला साधायचं होतं.

"तुम्हाला जमणार आहे का?" बायकोने विचारलं.

"न जमायला काय झालं? प्लसला प्लस, मायनसला मायनस."

आणि पहिल्याच झटक्यात मी बॅटरीच्या प्लसला मायनस लावलं. फट् असा आवाज झाला, निळी ठिणगी उडाली आणि माझी डावी भुवई गेली. सासूबाईंनी नळी सावरत मला नीट निरखलं.

"जावईबापू, उजवी ठेवलीत? ती उद्या का?"

मला त्या फार आवडायच्या. जावयाने सासूबद्दल असं उघड बोलायचं नसतं म्हणून मी बोललो नाही कधी, पण त्या मशीनच्या घुरघुरीशिवाय मला झोप यायची नाही, हे खरं आहे.

गच्चीवर पॅनल चढले. बायकोने शिडी धरली आणि धरताना जे जे बोलायचं ते बोलून घेतलं. जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत बॅटऱ्या ओळीने मांडल्या, वर इन्व्हर्टर टांगला आणि त्याच्या शेजारी खटक्यांचा डबा बसवला. घरातल्या प्रत्येक लाइनला वेगळा खटका, आणि प्रत्येक खटक्यावर एक छोटं मीटर. वायरमन म्हणाला होता की एवढी मीटरं कोणी लावत नाही. पण कोण किती खातंय हे दिसलं नाही तर माझ्या जिवाला चैन पडत नाही.

घरात लाइनी सात, डब्यात जागा आठ. आठवी जागा मोकळी सोडली तर डबा दात पडलेल्या तोंडासारखा दिसत होता. म्हणून मी तिथेही एक खटका बसवला, वर मीटर लावलं, आणि खालून वायर जोडलीच नाही. नुसती शोभा. बायकोने आपल्या वळणदार अक्षरात प्रत्येकाखाली चिठ्ठी चिकटवली: स्वयंपाकघर, मोरी, आईचं मशीन वगैरे. आठव्याखाली लिहिलं, 'रिकामा'. बटण दाबलं, दिवे लागले, आणि मी त्या दिवशी घरभर मालकासारखा हिंडलो.

पुढे एका दुपारी बॅटऱ्यांना पाणी घालायला गेलो, तर रिकाम्या खटक्याच्या मीटरवर आकडा होता.

मीटर बिघडलं असणार. ते काढून दुसऱ्या लाइनवर लावलं, तिथे बरोबर दाखवलं. दुसरं मीटर आठव्यावर लावलं, त्यानेही तोच आकडा दाखवला. मी जमिनीवर आडवा झालो, टॉर्च मारला आणि खटक्याच्या बुडाशी पाहिलं. स्क्रू होता, स्क्रूखाली वायर नव्हती. बोट घालून खात्री केली. वीज तिथून बाहेर जात होती आणि जायला वाटच नव्हती.

"तुम्हीच लावलंय ना?" बायको म्हणाली. "मग तुम्हालाच ठाऊक."

शेवटी नाक मुठीत धरून वायरमनला बोलावलं. तो हसतच आला. आडवा झाला, बघितलं, टेस्टर लावला. मग त्याचं हसू ओसरलं. "साहेब, मला जरा दुसरीकडे काम आहे," एवढं म्हणाला आणि गेला. त्याचा पेचकस आमच्याकडेच राहिला. मी दोनदा फोन केला, तर म्हणाला, "राहू द्या तुम्हालाच."

म्हटलं, खटका तर पाडून बघू. पाडला.

"अगं, लाईट गेली!" भिंतीतून पुरुषाचा आवाज आला. लांबचा, गोधडीत तोंड घालून बोलल्यासारखा.

मी घाईघाईने खटका वर केला.

"आली, आली."

त्या भिंतीपलीकडे आमचं मागचं अंगण आहे. मी धावत बाहेर जाऊन बघितलं. दोरीवर माझाच बनियन वाळत होता, बाकी कुणी नाही.

हे मी घरात सांगितलं तेव्हा बायकोने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. सासूबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "असेल कुणीतरी बिचारं. एखादं मशीन चालत असेल त्यांचं. चालू दे की."

त्यांच्या तोंडून मशीन हा शब्द आला म्हणून मी सहज दोन मीटरं ताडून पाहिली. रिकामा खटका सासूबाईंच्या मशीनएवढाच लोड घेत होता. कमी नाही, जास्त नाही. सुट्टीच्या दिवशी आम्ही मशीन थोडा वेळ बंद करून त्याची जाळी धुतो आणि तेवढ्यापुरता लहान सिलिंडर लावतो. त्या वेळी मी डब्यासमोर बसून राहिलो. आमची जाळी धुऊन झाली, मशीन सुरू झालं, आणि मग आठव्याचा आकडा शून्यावर आला. थोड्या वेळाने परत पूर्वीइतका झाला.

तिकडेही जाळी धुतली होती.

खरं सांगतो, मला हसूच आलं. ज्याची वायर नाही त्या लाइनवर एक टापटिपीचं कुटुंब राहतं, याची मी हळूहळू सवय करून घेतली. पॅनल भरपूर वीज देत होते. अडगळीत गेलो की मी पावलं न वाजवता चालायचो. शेजारधर्म.

मग वादळ आलं.

सकाळपासून वीज नव्हती. आभाळ इतकं भरून आलं होतं की भर दुपारी पॅनल नुसते शोभेला उरले. लहान सिलिंडर भरायला दिला होता, आणि तो आणायचा रस्ता झाड पडून बंद होता. मी एकेक खटका पाडत गेलो. पंखे, दिवे, फ्रिज, मोटार. आईचं मशीन तेवढं ठेवलं. तरी बॅटरीचा आकडा डोळ्यांदेखत उतरत होता, कारण आठवा खटका आपला वाटा इमानेइतबारे घेत होता.

"तो बंद करा," बायको म्हणाली. ती माझ्यामागे मेणबत्ती धरून उभी होती.

"अगं, पण तिकडे..."

"तिकडे कोण? आई इकडे आहे!"

तिचा आवाज फाटला. आतून घुरघुर येत होती आणि तिच्या तालावर सासूबाईंचा श्वास. मी खटका पाडला.

भिंतीत काहीतरी बारीक, टुंई टुंई करत वाजायला लागलं. तो आवाज मला पाठ होता. वीज तुटली की सासूबाईंचं मशीन तसं ओरडतं. मी वळून पाहिलं. आमचं मशीन चालू होतं.

"अहो, आईचं मशीन!" भिंतीतून बाई किंचाळली.

मेणबत्ती बायकोच्या हातून पडली. तो आवाज तिने ओळखला होता. मीही ओळखला होता. त्या आवाजाशी मी लग्न केलं आहे.

खटका मी वर केला नाही. तिने केला. अंधारात चाचपडत, रडत.

टुंई टुंई थांबलं.

"काय चाललंय तुमचं?" सासूबाईंनी आतून विचारलं. "मेणबत्ती तरी नीट धरा. जावईबापूंची दुसरी भुवई जाईल."

आम्ही दोघं हसलो. खरंच हसलो, भिंतीला टेकून. बॅटरी जपून वापरली तर संध्याकाळ निघेल, तोवर वीज येईल, असं मी तिला सांगत होतो. दोघांचंही भागेल, असं म्हणालो.

तेवढ्यात भिंतीतून पुरुषाचा आवाज आला. या वेळी जवळून. शांत, थोडासा प्रौढी मिरवणारा, आकडा सापडला की मी बोलतो तसा.

"हे बघ. सगळं बंद केलं तरी बॅटरी उतरतेय. आपल्या या रिकाम्या खटक्यावर कोणीतरी आहे."

"मग पाडा ना तो," बाई म्हणाली. "आईचं मशीन बंद पडेल अशाने."

मी भिंतीवर मुठी आपटल्या. "नको! ऐका, नको! आम्ही आहोत!"

कट्.

आमच्या डब्यातला एकही खटका हलला नव्हता. बॅटरी शिल्लक होती. आतली घुरघुर थांबली आणि टुंई टुंई सुरू झालं.

"अहो, आईचं मशीन!" बायको किंचाळली.

भिंतीपलीकडून तो पुरुष म्हणाला,

"काही ऐकू आलं का गं?"

"वारा आहे. या आता बाहेर, आई वाट बघतेय."

मग त्या बाजूने तीन कप मांडल्याचा आवाज आला.