नांदगावचा अंगठा

बसा लताबाई, त्या पंख्याखालच्या खुर्चीवर बसा. हयातीचा दाखला म्हणजे पाच मिनिटांचं काम, पण माझी जाऊ संजना बँकेतून आल्याशिवाय नाही व्हायचं. तुमच्या अंगठ्याआधी केंद्र चालवणाऱ्याचा अंगठा लागतो, आणि माझा अंगठा हे मशीन घेत नाही. बाहेर पाटीवर प्रतिभा म्हणून नाव माझं, आणि अंगठा द्यायचा जावेने! काय बाई वेळ आली.

ही पट्टी होय? नाही हो, ही आजची. सकाळी दुधी चिरताना अंगठ्याला विळी लागली. मशीनचं दुखणं त्याच्या आधीचं आहे. सांगते. चार वाजायला अजून वीस मिनिटं आहेत.

माझे वडील, अण्णा, नांदगावला एकटे राहायचे. रेल्वेत गँगमन होते, रुळांवरच जन्म गेला. आई गेल्यावर मी शंभरदा म्हटलं, नाशिकला चला. ते म्हणायचे, "तिकडं गाडी जाताना खाट हलत नाय. मला झोप नाय येत." कानाने ठार बहिरे, त्यामुळे फोनचा काही उपयोग नाही. तिकडे ते बरे आहेत की पडलेत, मला इथे कळायचं कसं?

आमचा कॉम्प्युटरवाला महेश, त्याने युक्ती काढली. अण्णांकडे एक जुना लॅपटॉप ठेवला, त्याला हे असलंच अंगठ्याचं मशीन जोडलं आणि कसलंसं सॉफ्टवेअर टाकलं. वायर नांदगावच्या लॅपटॉपला, पण इंटरनेटवरून माझ्या कॉम्प्युटरला वाटायचं की मशीन इथेच टेबलावर लावलंय. पडद्यावर यायचं, 'नांदगाव – जोडलेले'. अण्णांनी तिथे अंगठा टेकवला की ठसा इथे उमटायचा.

मग आम्ही बापलेकींनी एक ठरवून टाकलं. रोज चार वाजता अंगठा ठेवायचा. एकदा ठेवला म्हणजे मी बरा आहे. दोनदा ठेवला म्हणजे तू ये. लोखंड उचलून उचलून त्यांची बोटं गुळगुळीत झालेली, मशीन लवकर घ्यायचं नाही, म्हणून मीच सांगितलं होतं, आधी खोबरेल चोळत जा. अंगठ्याच्या मधोमध हातोड्याचा जुना डाग होता. तो काळा ठिपका पडद्यावर दिसला की मी चहा घ्यायची. दीड वर्षं असं चाललं.

मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट. दाखल्यांची गर्दी तुम्ही बघताच. गुरुवार होता, पायऱ्यांपर्यंत रांग. चार वाजता ठसा आला, जरा फरकटलेला. लगेच दुसरा आला.

दोन आले लताबाई. मी पाहिले, याच डोळ्यांनी पाहिले. आणि मनात म्हटलं, तेल जास्त झालं असेल, अंगठा घसरला असेल, म्हणून म्हाताऱ्याने परत दाबला. खरं सांगू? मला तसं वाटून घ्यायचं होतं. नांदगाव म्हणजे अडीच तास, आणि दारात एवढी माणसं ताटकळत उभी. मी "पुढचे या" म्हटलं.

शुक्रवारी एकच ठसा आला. स्वच्छ. शनिवारी एक, रविवारी एक. मी स्वतःलाच टपली मारली, उगाच जीव टांगणीला लावलास म्हणून. सोमवारी सकाळी शेजारच्या कारभारींचा फोन आला. "ताई, अण्णांचं दार उघडंना. वास येऊ राहिला. आम्ही दार तोडतोय, तुम्ही निघा."

डॉक्टर म्हणाले, गुरुवारीच संध्याकाळी गेले. टेबलाखाली पडले होते, उजवा हात वर, टेबलाचा पाय धरलेला. अंगठ्यावर तेल तसंच होतं. त्यांनी मला बोलावलं होतं आणि मी गेले नाही. मग शुक्रवारपासून 'मी बरा आहे' हे कोण सांगत होतं, ते मी कोणाला विचारलं नाही. विचारायला तोंड कुठे होतं मला?

लॅपटॉप कारभारींकडे दिला. मशीन अण्णांच्या पंच्यात गुंडाळून आणलं, ते या खणात आहे. कुलूप लावलेलं आहे, वायर कशालाच जोडलेली नाही. तेराव्यानंतर मी केंद्र उघडलं आणि चार वाजता पडद्यावर आलं, 'नांदगाव – जोडलेले'. एक ठसा. मग दुसरा.

महेशला बोलावलं. त्याने सॉफ्टवेअर काढून टाकलं, शेवटी कॉम्प्युटरच बदलला. दुसऱ्या दिवशी चारला तो इथेच उभा होता. ठसे आले. त्याने खण उघडायला लावला, पंचा सोडला. मशीनची काच तेलकट होती, खोबरेलाचा वास आला. "ताई... हे कशाला जोडलेलंच नाहीये," एवढंच म्हणाला. तेव्हापासून तो माझा फोन उचलत नाही.

मी नांदगावला जाऊन आले. एकदा नाही, सात वेळा. त्या खाटेवर चार वाजेपर्यंत बसून राहिले. गाडी गेली, खाट हलली, बाकी काही नाही. अहो, अण्णा ये म्हणतात, पण येऊ कुठे? आणि इथे संजनाने फोनवर सांगितलं, वहिनी, आजही दोन आले.

पावसाळ्यात माझ्या ध्यानात आलं... दुसरा ठसा अण्णांचा नाही. त्यात तो ठिपका नाही. आधी नुसता डाग दिसायचा, मग दिवसेंदिवस रेषा स्पष्ट होत गेल्या. एक तिरका वण दिसायला लागला. नऊ वर्षांची असताना मला विळी लागली होती, हा बघा वण, पट्टीच्या कडेने दिसतोय. मी तो ठसा तपासायला टाकला. लगेच उत्तर आलं. 'जुळले. प्रतिभा.'

आणि इथला माझा अंगठा तेव्हापासून जायला लागला. आधी तीनदा दाबला की घ्यायचं, मग दहादा. आता काचेवर अंगठा दाबून धरला तरी पडद्यावर येतं, 'कृपया बोट ठेवा'. डॉक्टर म्हणतात, वय झालं की रेषा झिजतात. मला भीती वाटते लताबाई... रात्रंदिवस भीती वाटते. आणि सुटका नाही, हे कळतंय. त्या गुरुवारी मी उठून गेले असते तर...

थांबा. चार वाजले.

वास येतोय ना? खोबरेलाचा? मी डोक्याला तेल लावत नाही...

हा पहिला. अण्णांचा, मधोमध ठिपका आहे. आता हा दुसरा... तुम्हीच बघा, मला नीट दिसत नाही. तिरका वण दिसतो ना? आणि त्याला छेदून जाणारी ती बारीक आडवी रेघ? काल ती नव्हती.

ही पट्टी मी सकाळी सातला बांधली लताबाई. अजून सोडलेली नाही.