बॅटरी कोणी काढली?

"मी सही करणार नाही," यशोधरा दारातच म्हणाली. तिनं अजून चपलाही काढल्या नव्हत्या.

भागिरथीबाईंनी तिला हाताला धरून आत बसवलं. सावेडीतल्या त्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत पूर्वी विम्याच्या दाव्यांची चौकशी चालायची. आता बाई कोणाचंही काम घेत, फक्त ते पटलं पाहिजे. त्यांचे यजमान रंगनाथराव निवृत्त मास्तर. ते स्कूटर चालवत, चहा करत आणि दर वेळी चुकीच्या माणसावर संशय घेत.

"कशावर सही?" बाईंनी विचारलं.

"भागवत चोर आहे, अशा कागदावर. उद्यापर्यंत केली नाही तर माझीही चौकशी लावणार आहेत. लावू देत!"

यशोधरा सुप्याच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होती आणि भागवत तिथल्या वॉचमन लोकांचा प्रमुख. तिनं पर्समधून एक टॉर्च काढून टेबलावर ठेवली. मुठीत मावेल एवढीच, काळी, खिशाला अडकवायला क्लिप असलेली.

"मध्यंतरी लाइट गेली आणि आमचा एक माणूस खड्ड्यात पडला. पाय मोडला त्याचा. त्याच्या खात्यात भलीमोठी टॉर्च होती. कुठे, तर कपाटात! तेव्हाच मी ठरवलं, प्रत्येकाच्या खिशात कायम राहील अशी टॉर्च घ्यायची. ही निवडली. मंद उजेडात मीटर वाचता येतो, मोठ्या उजेडात अख्खं शेड दिसतं, पाण्यात पडली तरी चालते, मोबाईलच्या वायरवर चार्ज होते. आणि हे बघा."

तिनं टॉर्चची शेपटी खिडकीच्या गजाला लावली. टॉर्च तिथंच चिकटून राहिली.

"मागं लोहचुंबक आहे. मशीनला चिकटवायची आणि दोन्ही हात मोकळे."

"मोबाईलला असतेच की टॉर्च," रंगनाथराव म्हणाले.

"मोबाईल दातात धरून नट आवळून दाखवा," भागिरथीबाई म्हणाल्या. "पुढे बोल गं."

"भागवतच्या माणसांनी ही कित्येक दिवस वापरली, एकदाही दगा दिला नाही. काम झालं की भागवत ती कपाटात कुलूप लावून ठेवायचा. पण मालकांसमोर दाखवायच्या दिवशी बटण दाबलं आणि उजेडच नाही! सगळे हसले. संध्याकाळी मी ती इथल्या पंकजच्या दुकानात नेली, त्याच्याकडचीच आहे."

रंगनाथरावांनी टॉर्च घेतली आणि मागून पिळायला सुरुवात केली. तोंड लाल झालं, पण ती काही हलेना.

"मागून नाही उघडत, काका. चुंबकामुळे ती बाजू कायमची बंद आहे. सगळे तसंच करतात. पंकजनं पुढून, काचेकडून फिरवली. आत काहीच नव्हतं. बॅटरी गायब."

"मग चौकशी?"

"दुसऱ्या दिवशी झाली. मला खोलीबाहेर बसवलं. आणि भागवतनं तिथं सगळ्यांदेखत कबूल केलं की बॅटरी मी काढली! मी नंतर एकटं गाठून विचारलं, तरी तेच. तो कोणाला तरी वाचवतोय. पण चोर तो नाही, हे मी कोणालाही ठणकावून सांगेन."

"हा पंकजच असणार," रंगनाथराव म्हणाले. "त्यानंच रिकामी दिली."

"आणि त्या लोकांनी इतके दिवस काय, रिकाम्या टॉर्चचा उजेड पाडला? उद्या सकाळी स्कूटर काढा, अहो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं सुप्याला पोचली. कारखान्याच्या मॅनेजरनं कपाळाला आठ्या घातल्या, पण यशोधरा अशी काही ठाम उभी राहिली की त्याला बाईंच्या चौकशीला हो म्हणावंच लागलं.

भागवत गेटवरच्या केबिनमध्ये होता. पारनेरकडचा, पिकल्या मिशांचा माणूस. खुर्ची सोडून उभा राहिला, पण मान काही खाली घातली नाही.

"भागवतराव, बॅटरी तुम्ही काढलीत?"

"व्हय. मीच काढली."

"का काढलीत?"

"मालकास्नी दावायची हुती ना! न काढता कशी दावनार?"

रंगनाथरावांनी डोळे फिरवले. भागिरथीबाई मात्र एकदम सावरून बसल्या.

"कपाटाची किल्ली?"

"ही काय, माज्या करदोट्याला. सकाळी कुलूप काढलं, मीटिंगच्या खोलीत नेऊन ठिवली, परत गेटवर आलो. सायेब म्हनत्यात माफी माग, मंग नोकरी ठिवतो. मी न्हाई मागनार! काढली त काढली. नोकरी जाईल म्हून खोटं बोलू व्हय? चोरी म्हनत्यात ती कोंची, ते मला काय उमगत न्हाई."

"खरेदी खात्याच्या खोलीत तुम्ही कधी जाता?"

"तिकडं आमाला मज्जाव हाय. किल्ली सुनीलसायबांकडं आसती."

बाहेर आल्यावर रंगनाथराव कुजबुजले, "डोकं फिरलंय त्याचं. बॅटरी काढून टाकल्यावर दाखवणार काय, कपाळ?"

"तुम्ही कधीकधी फार बरोबर प्रश्न विचारता," बाई म्हणाल्या. "फक्त उत्तर शोधायचं विसरता."

खरेदी अधिकारी सुनीलनं खिशातल्या किल्लीनं आपली खोली उघडली. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. दाराशी एक डबा होता, कारखान्यातले संपलेले सेल टाकायचा.

"तुम्हाला ही टॉर्च नको होती?" बाईंनी विचारलं.

"स्पष्ट सांगतो, नको होती. मी मोठी टॉर्च सुचवली. माझ्या साडूच्या एजन्सीची आहे, त्यात लपवायचं काय? आमच्या वडिलांकडे तीन सेलची बॅटरी होती, उसात बिबट्या शिरला तर चार बांध पलीकडे उजेड जायचा. उजेड म्हणजे तसा हवा. ही खेळणी काय कामाची?"

"त्या दिवशी मीटिंगच्या खोलीत तुम्ही गेला होतात?"

"मीटिंग भरायच्या आधी. छोटी तिथं होतीच. माझी मोठी टॉर्च ठेवली आणि बाहेर आलो. त्या छोटीला मी आजतागायत बोटही लावलेलं नाही."

"गाव कोणतं तुमचं?"

"पारनेर तालुकाच. का?"

"सहज," म्हणत बाई वाकल्या आणि त्या डब्यात हात घालून खडखडाट करत बसल्या. सुनील हसला. "अहो, भंगार आहे ते."

"आमच्याकडे नातू येतो, खेळायला होईल," म्हणून बाईंनी काहीतरी पिशवीत टाकलं. त्यांना नातू नव्हता. रंगनाथराव हे बोलणारच होते, पण बाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला.

थोड्या वेळानं सगळे मीटिंगच्या खोलीत जमले. मॅनेजरपुढे तो कागद होता, वर पेन ठेवलेलं.

"मॅनेजरसाहेब, चौकशीत भागवतरावांना प्रश्न कोणी विचारला?"

"सुनीलनं. 'बॅटरी कोणी काढली?' एवढं विचारलं आणि यानं लगेच कबूल केलं. आणखी काय विचारायचं?"

भागिरथीबाईंनी टॉर्च एका कापडी पिशवीत टाकली आणि ती भागवतपुढे सरकवली.

"भागवतराव, बॅटरी काढा."

भागवतनं पिशवीत हात घातला, टॉर्च बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली.

"काढली?"

"ही काय, काढली की."

यशोधरानं कपाळावर हात मारून घेतला.

"आपल्या गावाकडे हिला बॅटरी म्हणतात, साहेब. आत असतो तो सेल. आपणही लहानपणी असंच म्हणत होतो, पण मोबाईल आला, त्याची बॅटरी संपायला लागली आणि आपण आपला शब्द विसरलो. हा माणूस विसरला नाही. त्यानं कपाटातून बॅटरी काढली आणि तेच खरं सांगितलं. तुम्ही त्याला त्याच्या खरेपणासाठी घरी पाठवत होतात!"

"मग सेल कोणी काढला?" मॅनेजरनं विचारलं.

"तेच पाहू. यशोधरानं दुकानात पाहिलंय, तिला सोडा. भागवतराव, उघडा ही."

भागवतनं मागून पिळली. हलली नाही. मॅनेजरनं घेतली, मागूनच पिळली, रुमाल लावून पिळली. रंगनाथरावांनी तर घरी उघडण्याची रीत ऐकली होती, तरी सवयीनं मागूनच पिळली.

"आणा इकडे! किती वेळ घालवता," सुनील वैतागला. त्यानं टॉर्च घेतली, काचेकडून एक पीळ दिला आणि दोन तुकडे टेबलावर ठेवले.

"वा," भागिरथीबाई म्हणाल्या. "आजतागायत बोटही न लावता?"

सुनीलचा हात तिथंच थांबला. "अंदाजानं उघडली."

"असेल. मग हाही तुमचा अंदाजच." बाईंनी पिशवीतून एक सेल काढला. "तुमच्या कुलूपबंद खोलीतल्या भंगाराच्या डब्यात सगळे जुने, गंजलेले. त्यात हा एकटाच नवाकोरा. गेटवर सगळ्यांची झडती होते, म्हणून बाहेर नेता आला नाही. भागवतरावांना तर त्या खोलीत मज्जाव."

त्यांनी सेल टॉर्चमध्ये घातला आणि बटण दाबलं. लख्ख उजेड थेट सुनीलच्या तोंडावर पडला. त्यानं डोळ्यांवर हात धरला.

"मोठी टॉर्च ठेवायला आलात तेव्हा छोटीचा सेल काढलात. साडूचं भलं करायचं होतं, तर तिथंच थांबायचं. पण चौकशी लागली आणि तुम्ही गावच्या शब्दानंच गावच्या माणसाचा गळा धरलात. वडिलांची तीन सेलची बॅटरी तुम्हीच मला सांगितलीत. 'बॅटरी' आणि 'सेल' यातला फरक या खोलीत भागवतरावांइतकाच तुम्हालाही ठाऊक होता. म्हणून तर प्रश्न तुम्ही विचारलात!"

मॅनेजरनं त्याच्याकडून किल्ल्या मागून घेतल्या. यशोधरानं समोरचा कागद उचलला आणि शांतपणे फाडला.

"माणसं खड्ड्यात पडू नयेत म्हणून मी ही निवडली होती," ती म्हणाली. "अजूनही हीच. प्रत्येकाच्या खिशात."

मॅनेजरनं मान हलवली. मग ओशाळून म्हणाला, "भागवत, झालं गेलं विसरा. जा, गेटवर जा."

"न्हाई जानार," भागवत म्हणाला.

"आता काय?"

"चोर म्हनलं तवा ह्या खोलीत समदे हुते. आता बी हायेत. पुन्यांदा इचारा."

मॅनेजरनं यशोधराकडे पाहिलं. ती हाताची घडी घालून उभी होती, सुटकेला वाट देईल असं काही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. त्यानं घसा साफ केला.

"बॅटरी कोणी काढली?"

भागवतनं टोपी नीट केली. "बॅटरी मी काढली, सायेब. सेल ह्यांनी काढला."