पट्टीचं दुसरं टोक

वीतभर लांबीची कापडी पट्टी. दोन्ही टोकांना हात अडकवायला कडी. एका कडीवर जाड दोऱ्याचा, अंगठ्याला लागेल असा टाका.

‘निळी वाट : सपाट, सावलीची, कालव्याकाठाने तळ्यापर्यंत. नवशिक्यांसाठी उत्तम.’ फलकावरची ओळ.

आरशाला टांगलेला लोकरीचा पोपट. बस कधीच भंगारात गेली.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तळ्यात उलटलेली होडी. मावशी आणि काका, दोघंही वाचले. काकांची अंगठी तेवढी तळाशी गेली.

पिवळा टीशर्ट. उजव्या खांद्यावर ओल्या हाताचा डाग. धुतला, घासला, उकळला…

गेला नाही.

मावशीने हे सगळं मला सांगितलं तेव्हा ती एकदाही रडली नाही. म्हणून माझा विश्वास बसला. तिला साधी सिनेमाची गोष्ट सांगतानासुद्धा रडू येतं.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. दुपार होती. लख्ख ऊन होतं. पाण्यावर बदकं होती. लपायला कुणाला जागाच नव्हती.

काका बस चालवायचे. तळ्याकाठच्याच रस्त्यावर, वर्षानुवर्षं. मग डोळे गेले. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही. दोन वर्षं ते खुर्चीतून उठले नाहीत. कुणी बोलायला गेलं तर म्हणायचे, “गाडी डेपोत लागली. आता सुटायची नाही.”

मावशी कपडे शिवते. तिने कुठूनसं ऐकलं, की दृष्टी नसलेली माणसं जोडीदाराबरोबर पळतात. मध्ये एक पट्टी धरायची, दोघांनी एकेक टोक. तिने त्याच रात्री पट्टी शिवली. काकांच्या टोकाला टाका घातला, म्हणजे त्यांना आपलं टोक बोटाने ओळखता यावं.

पहिल्या दिवशी काका दारातच अडले.

“पडलो तर?”

“तर मीही पडेन. पट्टी एकच आहे.”

काका हसले. दोन वर्षांनी हसले. त्या दिवसापासून मावशीचं नाव पडलं कंडक्टर.

पळताना ती नेहमी पाण्याच्या बाजूला. आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. त्यांचे डोळेच ते.

“डावीकडे वळण. पुढे मुळं आहेत, पाय उचला. बगळा उभाय.”

“काय करतोय?”

“काही नाही. तुमच्यासारखा, आयतं मिळेल म्हणून वाट बघतोय.”

“कंडक्टर, प्रवाशांशी नीट बोला!”

असं चालायचं. काकांचं वजन उतरलं. रात्रीची झोप परत आली. माझी आई म्हणायची, बहिणीने नवऱ्याला ओढून बाहेर काढलं.

त्या दुपारी निळ्या वाटेवर दोघंच होते.

तळ्याच्या थोडं अलीकडे कालव्यावर जुने लाकडी दरवाजे आहेत. बोटींसाठी पाणी अडवायचे. आता बंदच असतात. दरवाजांच्या माथ्यावरून एक अरुंद फळी जाते. पळणाऱ्यांना तिथूनच पलीकडे जावं लागतं. अलीकडच्या काठाने सरळ गेलं, तर वाट होड्यांच्या मोडक्या धक्क्यावर संपते. तिथून पायऱ्या थेट तळ्यात उतरतात.

फळीवर दोघं शेजारी मावत नाहीत. तिथे त्यांची ठरलेली पद्धत होती. मावशी पट्टी मनगटात अडकवायची आणि पुढे व्हायची. काका तिच्या उजव्या खांद्यावर हात ठेवून मागे.

त्या दिवशीही तसंच झालं.

खांद्यावर हात आला. ती चालू लागली.

“हळू या. मधली फळी ओलीय.”

हात घट्ट झाला.

काका काही बोलले नाहीत. तिला वाटलं, दमलेत.

पलीकडे पोचल्यावर ती म्हणाली, “झालं. आता एक पायरी खाली.”

हात तिथेच.

आणि तेवढ्यात काकांचा आवाज आला…

लांबून. पाण्याच्या पलीकडून.

“अगं, आज फळी संपत कशी नाही?”

मावशी वळली.

हात उचलला गेला.

मागे कुणीच नव्हतं. फळी रिकामी. खांदा मात्र ओलागच्च.

काका अलीकडच्या काठावरच होते. फळीवर त्यांनी पाऊलही ठेवलं नव्हतं. ते चालत होते, सावकाश, विश्वासाने. उजवा हात पुढे धरलेला, खांद्याच्या उंचीवर. बोटं वाकलेली.

जणू पुढे कुणीतरी आहे.

धक्क्याकडे.

“अहो! थांबा!” मावशी किंचाळली.

काकांनी मागे मान वळवली नाही. समोरच्या रिकाम्या हवेला म्हणाले, “थांबा म्हणतेस आणि स्वतःच चालतेस! काय कंडक्टर आहेस!”

मावशी फळीवरून धावली. घसरली, गुडघा फुटला, उठली. तिने काकांना गाठलं तेव्हा त्यांचे बूट पाण्यात होते. तिने मागून त्यांचा शर्ट धरला.

काका दचकले.

“कोण? कोण आहे?”

“मी आहे! अहो, मी!”

त्यांचा चेहरा पांढरा पडला. पण तो वळला पुढेच, तळ्याकडे.

“अगं… या बाई कोण? तुझ्याच आवाजात बोलतायत.”

“त्या बाजूला कुणी नाही! मी इथं आहे, तुमच्या मागे!”

“बाई, सोडा मला. तुम्ही जे बोलता, ते ती तुमच्या आधी बोलते. तुम्ही नुसतं मागून म्हणता.”

मावशीने आठवून पाहिलं. फक्त दोघांनाच ठाऊक असलेलं काय सांगू? ती म्हणाली, “तुमच्या बसच्या आरशाला मी लोकरीचा पोपट बांधला होता. एक डोळा काळा, एक हिरवा. काळी लोकर संपली होती म्हणून.”

काकांनी तळ्याकडे कान दिला.

“हेही. हेही ती आत्ताच म्हणाली.”

मग मावशी गप्प झाली.

तिच्या लक्षात आलं. ती बोलली, तर पाण्याकडचं ते जे काही होतं, ते आधी बोलणार. ती रडली, तर ते आधी रडणार. तिचं तोंड आता तिच्या कामाचं उरलं नव्हतं.

तिने मनगटातली पट्टी काढली. न बोलता टाक्याचं टोक काकांच्या डाव्या हातात दिलं.

काकांनी अंगठा फिरवला. टाका सापडला. कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या.

“हा तिचा हात आहे,” ते पुटपुटले. “असा टाका तीच घालते.”

मावशीने श्वास सोडला.

आणि काकांचा उजवा हात हळूहळू खाली आला… हवेतच. बोटं कशावरतरी मिटली. अंगठा तसाच फिरला, मागेपुढे.

“इथंही आहे.”

पाणी पायरीवर वाजत होतं. चुळूक… चुळूक…

“एकीने तरी बोला ना गं,” काका म्हणाले. लहान मुलाच्या आवाजात. “दोघी अशा गप्प राहिलात तर मी काय करू?”

मावशीने ओठ दातांत धरले. रक्त आलं.

मग तिच्या हातातली पट्टी सैल झाली.

काकांनी तिचं टोक सोडलं होतं.

पुढचं ती भराभर सांगते. तिने कमरेला मिठी मारली आणि तशीच खाली बसली, सगळं वजन टाकून. दोघं पायऱ्यांवर आपटले. ज्या माणसाने जन्मात तिच्यावर हात उगारला नाही, तो तिला बुक्क्या मारत होता. आणि तळ्याकडे तोंड करून ओरडत होता, “कंडक्टर! अगं बघ ना! मला नेतायत! कंडक्टर!”

धक्क्यापलीकडे जाळं सुकवणारा म्हातारा कोळी धावत आला. दोघांनी मिळून काकांना ओढत वर आणलं.

वर आल्यावर कोळ्याने धापा टाकत विचारलं, “ताई, कंडक्टर कोण?”

“मीच,” मावशी म्हणाली.

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं. एकदा पाण्याकडे. मग जाळं गोळा केलं आणि निघून गेला. त्यानंतर तो तिथे कधी दिसला नाही.

डॉक्टर म्हणाले, पाण्याजवळ आवाज घुमतो. दृष्टी नसली की कानांवर ताण येतो, दिशा कळत नाही. असेल. काकाही मान हलवतात. भांडत नाहीत, काही विचारत नाहीत. जेवतात, झोपतात.

खुर्ची मात्र त्यांनी खिडकीशी ओढून घेतलीय. तळ्याच्या बाजूला.

आणि मावशीला ते आता कंडक्टर म्हणत नाहीत. “तुम्ही जेवलात का?” म्हणतात. “तुम्हाला त्रास होतो माझा.” घरी आलेल्या अनोळखी नर्सशी बोलावं तसं.

पहिल्यांदा तिने हात हातात घेऊन सांगितलं होतं, “अहो, मीच आहे. तुम्हाला मीच घरी आणलं.”

“हो,” काका म्हणाले. “तुम्हीच आणलंत.”

परवा मी गेलो होतो. आम्ही तिघं बसलो होतो. ती त्यांना चहाचं विचारणार होती. मला दिसलं, ती त्यांच्याकडे वळली, तोंड उघडलं. शब्द अजून बाहेर पडला नव्हता…

काका खिडकीकडे तोंड करून हसले. कितीतरी दिवसांनी.

“हो,” ते म्हणाले. “ठेव ना. तूही घे.”

मावशी उघड्या तोंडाने तशीच बसून राहिली.

होडी उलटली त्या दिवसापासून काकांचं बोट रिकामं आहे. फळीवरून जाताना तिच्या खांद्यावर जो हात होता, त्याच्या बोटात अंगठी होती.