कष्ट करणारा मेंदू

नागपूरच्या मेंदू संशोधन केंद्रात, मेंदूचे कष्ट रंगांत दाखवणाऱ्या श्रमचित्रकाच्या पडद्यावर सुधन्वाचा मेंदू निळाशार दिसत होता, आणि डॉ. इरावतीला आनंदानं खुर्चीत धड बसवत नव्हतं. सुधन्वा तिचा नवरा. पन्नाशीचा, ठणठणीत, पण त्याच्या रक्तात विस्मृतीच्या रोगाचं जनुक होतं. शेवटी शेवटी त्याच्या वडिलांनी त्यालाच 'आपण कुणाकडचे?' असं विचारलं होतं. नियमाप्रमाणे इरावतीनं नवऱ्याच्या तपासणीपासून चार हात लांब राहायला हवं होतं. पण लांब राहील तर ती इरावती कसली!

"सर, बघा ना! कुठंही लाल नाही. आणि एक शब्द दिला की त्याच्या जोडीचा आठवून सांगायचा, त्या शब्दजोड्याही सगळ्या बरोबर."

केंद्राचे प्रमुख डॉ. खोब्रागडे पडद्यापाशी वाकले. तिची चुळबुळ वाढली.

"लाल म्हणजे काय, सांग पाहू."

"जादा कष्ट. जनुक असलेल्याला सुरुवातीला आठवतं सगळं, पण तेच उत्तर द्यायला त्याचा मेंदू दुप्पट राबतो. तेवढा भाग लाल होतो. रोगाची चाहूल."

"आणि राबून राबून थकला की?"

"पुन्हा निळा," ती म्हणाली, आणि लगेच उसळली, "पण मग उत्तरं चुकली असती, सर!"

"चुकली असती. शब्दजोड्या कुणी तयार केल्या?"

इरावतीचा चेहरा उतरला. मूळ चाचणीतले परदेशी शब्द इथल्या लोकांना कामाचे नाहीत म्हणून तिनं मराठी जोड्या केल्या होत्या. रोज जेवताना, सुधन्वाला समोर बसवून. 'परात आणि वकील', 'जिना आणि मुळा' असल्या अचाट जोड्या तर त्यानंच सुचवल्या होत्या, हसत हसत. घोकलेलं सांगायला मेंदूला कष्ट कसले पडणार? ही चाचणी म्हणजे शुद्ध फजिती होती.

खोब्रागड्यांनी स्वतः नव्या जोड्या लिहिल्या आणि सुधन्वाला एकदाच वाचायला दिल्या. जेवणाची सुट्टी संपताच सुधन्वा पुन्हा यंत्रात शिरला.

पहिलं उत्तर चुकलं. पडदा निळाच होता. दुसरंही चुकलं, तरी निळाच. इरावती उठली, बसली, पुन्हा उठली. निळा आणि चूक याचा अर्थ तिच्याइतका कुणाला कळणार? वर्षभर ज्या रंगाला ती घाबरत होती, तोच आता ती मागू लागली. "राब रे," ती पुटपुटली, "थोडा तरी राब."

तिसऱ्या जोडीला कानामागं एक ठिपका तांबूस झाला. मग तो पसरला. उत्तर बरोबर आलं. पुढचंही आलं. अर्धा पडदा लाल झाला, आणि इरावतीनं पदरात तोंड लपवलं. तिला रडू आवरेना.

सुधन्वा घाम पुसत बाहेर आला. "पहिली दोन गेली बघ. नंतर जमलं. काय दिसलं?"

"लाल. खूप लाल." ती डोळे पुसत हसली.

तो मटकन स्टुलावर बसला. घरात रोज याच गप्पा असत. त्याला सगळं ठाऊक होतं. "म्हणजे सुरू झालं," तो हळूच म्हणाला. मग त्यानं वर पाहिलं. "आणि तू हसतेस? लाल वाईट ना गं?"

"होतं," तिनं त्याचं डोकं छातीशी धरलं, "दुपारपर्यंत होतं."