एक्केचाळीस किलो

आमच्या हॉस्टेलच्या अंगणात तुळईला एक वजनकाटा टांगलेला आहे. वडील त्यावर कॉफीची पोती तोलायचे. कॉफीचा धंदा बसला, वडील गेले, काटा राहिला. आता मी त्याच्यावर पाहुण्यांच्या सॅक तोलते आणि आकडा खडूने भिंतीवर लिहिते. मला तेवढाच विरंगुळा. पहिल्यांदाच घर सोडून निघालेल्याची सॅक हमखास सगळ्यांत जड भरते, मग बाकीचे पाहुणे हसून घेतात.

सुनिवा नॉर्वेची. एकवीस वर्षांची, देशाबाहेर पहिल्यांदाच आणि तीही एकटी. ग्वातेमालात उतरून तिला चार दिवस झाले होते. सॅक भरली एकोणीस किलो.

"सासरी निघालीस का गं?" मी म्हटलं. "पाटा-वरवंटाही घेतलास वाटतं!"

तिचं स्पॅनिश मोडकंतोडकं होतं, पण चेष्टा तिला कळली. तिचे कान लाल झाले. तिने केस वाळवायचं यंत्र, तीन जाडजूड पुस्तकं आणि बुटांचा दुसरा जोड काढून माझ्या कपाटात ठेवला. काटा अकरावर आला. परीक्षेत पास झाल्यासारखी ती टाळ्या वाजवत नाचली. मला ती आवडली. सगळेच पाहुणे आवडतात असं नाही.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या भावाबरोबर वरच्या डोंगरातल्या खिंडीत जाऊन आली. गास्पारदादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. तीस वर्षं तो पाहुण्यांना वर नेतोय, पण खिंडीच्या ऐन तोंडाशी थांबतो. पुढे दगडांच्या ढिगात एक लाकडी क्रूस उभा आहे. तिथे तो पाहुण्यांना एकटं जायला सांगतो आणि स्वतः पाठ फिरवून सिगारेट ओढत बसतो. त्याचे गुडघे दुखत असतील, असं मी धरून चालले होते.

संध्याकाळी सुनिवा परतली ती पाय ओढत.

"सॅक जड झालीय," ती म्हणाली.

"सॅक नाही, तू दमलीस. बस, घुग्ऱ्या खा."

तरीही मी सॅक काट्याला अडकवली. सोळा किलो. काटा म्हातारा झाला, असं म्हणून आम्ही हसलो. सकाळी सत्तावीस. मग मक्याचं तोललेलं पोतं लावून पाहिलं, तर काटा बरोबर होता. आम्ही सगळं सामान पलंगावर ओतलं आणि रिकामी सॅक लावली. तेहतीस. या वेळी कुणी हसलं नाही.

सॅकच्या बाजूच्या कप्प्यात एक दगड निघाला. लिंबाएवढा, हिरवट. हातात घेतला तर लिंबाएवढाच हलका. कप्प्यात ठेवून सॅक टांगली की काटा खाली जायचा.

"हा कुठून आणलास?"

"क्रूसापाशी इतके होते... वाटलं, आठवण म्हणून एक न्यावा."

आमच्याकडे ओझं घेऊन खिंड चढणारा माणूस तिथे एक दगड ठेवतो. आपला शीण त्यात उतरवतो आणि मोकळा होऊन पुढे जातो. दगड ठेवायचा असतो. तिथून उचलायचा नसतो, हे कुणी कुणाला सांगत नाही. चुलीत हात घालू नये, हे तरी कोण सांगतं? पण पाहुण्यांना सांगायला हवं होतं. ते माझ्या लक्षात आलं नाही. ती चूक माझीच.

तिसऱ्या दिवशी सुनिवा वाकली. पाठीवर काही नसताना कमरेतून वाकून, भिंत धरून चालायची. श्वास शिट्टीसारखा वाजायचा. आईचा फोन आला तेव्हा हसून म्हणाली, "थोडी दमलेय फक्त." फोन ठेवला आणि रडली. डॉक्टर येऊन गेला. त्याने छाती तपासली, पाठ तपासली, आणि आजची रात्र काढली तर उद्या मोठ्या दवाखान्यात हलवू म्हणाला.

मी दादाला अंगणात बोलावलं. दगड दाखवला. त्याने तो हातात घेतला नाही.

"किती भरतेय?" त्याने विचारलं.

"सकाळी अडतीस होते."

"एक्केचाळीसला थांबेल."

दुपारी सॅक लावली. एक्केचाळीस. काटा तिथेच राहिला.

तो आकडा मलाही ओळखीचा होता. मी अकरा वर्षांची असताना आई आजारी पडली. दवाखाना खिंडीपलीकडे, पायी पूर्ण एका दिवसावर. वडिलांनी आईला खुर्चीत बसवून खुर्चीसकट याच काट्याला टांगलं, एकट्याने नेता येईल का ते पाहायला. एक्केचाळीस किलो. दादाने कपाळाला पट्टा लावला, खुर्ची पाठीवर घेतली आणि पहाटे निघाला. त्याच दिवशी, कोंबड्या खुराड्यात जायच्या आत, तो रिकाम्या पाठीने परत आला. पलीकडे ट्रक मिळाला म्हणाला. पुढे, दवाखान्यातच गेली, तिथेच पुरली म्हणाला.

"दादा, ट्रक मिळाला होता ना?"

तो काट्याकडे बघत राहिला.

"माझ्यानं पुढे जाववेना," तो म्हणाला. "क्रूसापाशी उतरवलं... दगड ठेवला."

"आणि आई?"

"बोलत होती अजून..."

मला संताप यायला हवा होता. आला नाही. मी अंगणातले कपडे काढून घड्या घालत राहिले.

दादाने जुना पट्टा शोधून काढला, सॅकला बांधला आणि कपाळाला लावला. सुनिवा दारात येऊन, मी येते, माझी चूक आहे, असं काहीतरी म्हणत होती.

"तुझी नाही, पोरी," तो म्हणाला आणि निघाला. एकोणीस वर्षांचा असताना चालायचा तसा, ताठ पावलांनी.

उन्हं कलता कलता सुनिवाचा श्वास मोकळा झाला. मग कंबर सरळ झाली. पेलाभर आटोल, म्हणजे मक्याची गरम पेज, पिऊन तिने दुसरा मागितला, तेव्हा मी देवाचं नाव घेतलं.

दादा झाकड पडता पडता आला. सॅक माझ्या हातात दिली. मी ती टांगली. दीड किलो.

"ठेवलास दगड?"

"ठेवला."

"मग असा वाकून का चालतोयस?"

त्याने घाम पुसला. कपाळावर पट्ट्याचा लाल वळ होता.

"आई म्हणाली, दवाखान्यात नको आता... घरी ने."

मी त्याला आटोल दिलं. त्याने ढवळून पाहिलं आणि पेला परत केला.

"थोडं पातळ कर," तो म्हणाला. "गिळता आलं पाहिजे."

सुनिवा दोन दिवसांनी दक्षिणेकडे गेली. सॅक अकरा किलो. अधूनमधून फोटो पाठवते, प्रत्येकात ताठ उभी असते.

दादा आता पाहुणे नेत नाही. दिवसभर अंगणात, काट्याखाली बसतो. खुर्ची मोठी आहे, पण तो अगदी पुढच्या कडेला बसतो, पाठ टेकत नाही. मागे जागा सोडतो. सकाळी मी ती रिकामी खुर्ची उन्हात सरकवायला जाते, तेव्हा ती मला एकटीला हलत नाही.